मेलबर्न पायी पाहायचं तर शुक्रवारी निघा

आई-बाबा पहिल्यांदा मेलबर्नला आले तेव्हा मी गाडी काढली, आणि तिथेच चुकलो. टारनीट या उपनगरातून सकाळी निघालो. शहरात पार्किंगचे इतके डॉलर गेले की बाबांनी त्याचे रुपये केले आणि तो आकडा दिवसभर ऐकवला. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला पोचलो तर शटरं खाली, कारण बुधवार होता. मग घाईघाईत दोन चर्च, एक पूल, एक बाग, सगळीकडे दहा-दहा मिनिटं आणि फोटो. परत येताना आई म्हणाली, "छान आहे रे शहर. पण आपण नक्की पाहिलं काय?"

त्यानंतर सासू-सासरे आले, मावशी-काका आले, पुण्याचे दोन मित्र सहकुटुंब येऊन गेले. प्रत्येक खेपेला वाट थोडी सुधारत गेली. आता जी ठरली आहे ती इथे देतो. मेलबर्नच्या बहुतेक जुन्या वास्तू दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. त्या सुट्या सुट्या पाहिल्या तर युरोपची नक्कल वाटतात. पण १८५१ साली सापडलेल्या सोन्याचा पैसा कुठे कुठे मुरला, हे शोधत चाललं की एकीचं नातं दुसरीशी लागतं.

निघण्याआधी

आधी वार ठरवा. मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं. ओल्ड ट्रेझरीचं संग्रहालय शनिवारी बंद. व्हिक्टोरिया राज्याचं पार्लमेंट हाउस आतून दाखवतात ते फक्त कामाच्या दिवशी, तेही अधिवेशन नसताना; आणि अधिवेशन भरतं ते सहसा मंगळवार ते गुरुवार. ही बेरीज-वजाबाकी केली की पहिल्या दिवसासाठी शुक्रवार उरतो. दुसरा दिवस शनिवार किंवा रविवार. वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री प्रत्येक ठिकाणच्या संकेतस्थळावर नजर टाका. ओल्ड मेलबर्न जेल या जुन्या तुरुंगाच्या बाबतीत तर नक्कीच.

गाडी घरी ठेवा. शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे, तिकिटाचं मायकी कार्ड टेकवायची गरज नाही. हा फुकट पट्टा ढोबळमानाने फ्लिंडर्स स्ट्रीट, स्प्रिंग स्ट्रीट, ला ट्रोब स्ट्रीट, मार्केट आणि डॉकलँड्स एवढा. त्याच्या बाहेर, म्हणजे श्राइन या युद्धस्मारकाकडे किंवा क्रिकेटच्या मैदानाकडे ट्रामने निघालात तर कार्ड टेकवायलाच हवं. तिकीट तपासनीस साध्या कपड्यांतही असतात आणि "पाहुणे आहेत हो" हे कारण चालत नाही.

३५ नंबरची सिटी सर्कल ट्राम जुन्या लाकडी बनावटीची, शहराला फेरी मारणारी आणि फुकट. पाहुण्यांना ती फार आवडते. पण तिच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी नव्या, फलाटाच्या पातळीला लागणाऱ्या ट्राम बऱ्या.

हवेचा भरवसा धरू नका. दिवसात चार ऋतू होतात असं इथले लोक म्हणतात, ते खरं आहे. वयस्कर मंडळींसाठी मार्च-एप्रिल सगळ्यात उत्तम. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की पारा चाळिशी गाठतो, आणि तेव्हा दगडी फुटपाथवरून आईला चालवणं म्हणजे शिक्षा आहे. स्वेटर, टोपी, पाण्याची बाटली एवढं बरोबर घ्या. जेवणाचा डबा घेतलात तर बागेत बाकावर बसून पोळी-भाजी खायला कुणाची आडकाठी नाही.

शुक्रवार सकाळ: घड्याळांखालून स्प्रिंग स्ट्रीटकडे

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या पायऱ्यांवर नऊला उभे राहा. दारावर वेगवेगळ्या मार्गांच्या पुढच्या गाड्यांची वेळ दाखवणारी घड्याळांची रांग आहे. "घड्याळांखाली भेटू" म्हटलं की मेलबर्नकराला पुढे काही सांगावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातली पहिली आगगाडी इथूनच, १८५४ साली, बंदराकडे सुटली. मुंबई-ठाणे गाडीच्या पुढच्याच वर्षी. हे सांगितलं की बाबा लोकांचा चेहरा उजळतो. आत्ताची पिवळसर घुमटाची इमारत मात्र १९१० ची, आणि तिचा आराखडा रेल्वेच्याच दोन कर्मचाऱ्यांनी केलेला.

समोर फेडरेशन स्क्वेअर आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल. वेळ असेल तर कॅथीड्रलमध्ये पाच मिनिटं बसा, नसेल तर सोडून द्या. इथून सिटी सर्कल पकडून ओल्ड ट्रेझरीला जा. चालत जाता येतं, पण कॉलिन्स स्ट्रीटला चढ आहे आणि पाय दुपारसाठी राखून ठेवायचे आहेत.

माझ्या मते खरी सुरुवात ओल्ड ट्रेझरीपासून होते. पायऱ्यांवर उभं राहून मागे वळा: खाली सरळ जाणारा कॉलिन्स स्ट्रीट दिसतो. १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडलने ही चौकट आखली. मुख्य रस्ते ९९ फूट रुंद, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांच्या मागे त्याच नावाचा एक धाकटा रस्ता, जसा बर्कमागे लिटल बर्क. हे कळलं की शहरात वाट चुकत नाही.

आता आकडे पाहा. १८५१ च्या जुलैत व्हिक्टोरिया स्वतंत्र वसाहत झाली आणि लगोलग सोनं सापडलं. तेव्हा वसाहतीची लोकसंख्या सुमारे ७७ हजार. दहा वर्षांनी ती ५ लाख ४० हजारांच्या घरात. एवढं सोनं ठेवायचं कुठे? म्हणून हा खजिना. त्याचा आराखडा जे. जे. क्लार्क नावाच्या सरकारी नोकरीतल्या पोराने केला तेव्हा तो १९ वर्षांचा होता. १८६२ मध्ये इमारत पुरी झाली. तळघरातल्या जाड भिंतींच्या तिजोरी-खोल्या चुकवू नका. प्रवेश फुकट आहे. आपल्याकडचे एकोणीस वर्षांचे काय करतात, हा विषय सासरेबुवांनी इथे काढलाच.

दगडाकडेही लक्ष द्या. मेलबर्नच्या जुन्या इमारतींचे पाये, गल्ल्यांची फरसबंदी आणि तुरुंगाच्या भिंती काळसर निळ्या दगडाच्या आहेत. इथे त्याला ब्लूस्टोन म्हणतात. तो बेसॉल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणच, फक्त वयाने खूप लहान. शहराच्या पश्चिमेचं सगळं पठार लाव्हाचं आहे. टारनीट, पॉइंट कुकला बागेसाठी खड्डा खणणाऱ्याची कुदळ हा दगड लगेच ओळखते. गडकिल्ले फिरलेल्या माणसाला या भिंतींना हात लावल्यावर परकं वाटत नाही.

शेजारीच पार्लमेंट हाउस. १८५० च्या दशकात काम सुरू झालं, पण मधोमध घुमट व्हायचा होता तो कधी झालाच नाही. १८९० च्या दशकात जमिनींचा फुगा फुटला आणि शहराचा खिसा रिकामा झाला. आत वरिष्ठ सभागृहात सोन्याचा वर्ख दिलेलं नक्षीकाम आहे. १९०१ ते १९२७ अखंड ऑस्ट्रेलियाची संसद इथेच भरायची, कॅनबेरा उभं राहीपर्यंत. १८९१ मध्ये कनिष्ठ सभागृहाचा राजदंड चोरीला गेला तो आजतागायत सापडलेला नाही. हे वाटाड्याला विचारा, मग तो रंगात येतो. अधिवेशनाच्या दिवशी आलात तर प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाज पाहता येतं. तेही फुकट.

रस्त्यापलीकडे १८८३ चं हॉटेल विंडसर आणि जरा पुढे १८८६ चं प्रिन्सेस थिएटर. मार्च १८८८ मध्ये इथे 'फाउस्ट' ऑपेराचा पहिला प्रयोग होता. फेडेरिची नावाचा गायक शेवटी रंगमंचाच्या झडपेतून खाली उतरला आणि तिथेच हृदय बंद पडून गेला. तेव्हापासून त्याचं भूत नाट्यगृहात आहे म्हणतात आणि पहिल्या खेळाला त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवायची पद्धत पडली. नाटकवेड्या मराठी माणसाला एवढं पुरे.

शुक्रवार दुपार: प्रदर्शन, फाशी आणि ग्रंथालय

पुढचे तीन थांबे याच क्रमाने घ्या.

कार्लटन गार्डन्समधलं रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग १८८० चं, जोसेफ रीडने रचलेलं. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरून सुचलेला घुमट. १ ऑक्टोबर १८८० ला इथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडलं: आमच्याकडे किती पैसा आहे ते या आणि पाहा, असा सगळा थाट. ९ मे १९०१ ला पहिल्या ऑस्ट्रेलियन संसदेचं उद्घाटन इथेच झालं. १९१९ च्या फ्लूच्या साथीत इथे रुग्णालय होतं. मेलबर्न विद्यापीठाच्या परीक्षाही इथे व्हायच्या. मी याच घुमटाखाली पेपर लिहिले आहेत, आणि उत्तर आठवत नसलं की वर पाहायला एवढं नक्षीदार छत दुसऱ्या कुठल्या परीक्षा केंद्राला नसेल. २००४ मध्ये इमारत आणि बाग जागतिक वारशाच्या यादीत गेली. घुमटाभोवतीचा सज्जा बरीच दशकं बंद होता, तो २०२२ मध्ये पुन्हा उघडला. तिकीट मागच्या मेलबर्न म्युझियममधून मिळतं. पायऱ्या आहेत, पण वरून दिसणारं शहर त्या वसूल करतं. डबा खायला हीच बाग. सीगल पक्ष्यांपासून पोळी सांभाळा.

इथून दहा-बारा मिनिटांवर रसेल स्ट्रीटचा ओल्ड मेलबर्न जेल. तिकडे घुमट आणि कारंजी, इथे आत तीन मजली ब्लूस्टोनचा बोळ आणि दोन्हीकडे कोठड्या. प्रदर्शनाचं उद्घाटन होऊन सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ११ नोव्हेंबर १८८० ला, नेड केलीला इथे फाशी दिलं. तिकडे जगभरातले पाहुणे यंत्रं आणि गालिचे बघत होते, इकडे बाहेर गर्दी जमली होती. केली हा दरोडेखोर की जुलमाविरुद्ध उभा राहिलेला गरीब आयरिश पोरगा, यावर इथे अजून वाद होतात. उमाजी नाईकांची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला तो वाद समजावून सांगावा लागत नाही. फाशीची जागा आणि फाशी दिलेल्यांच्या चेहऱ्यांचे साचे पाहायला मिळतात. मुलं लहान असतील तर हा थांबा गाळा.

आता स्टेट लायब्ररी. दारात ज्याचा पुतळा आहे तो सर रेडमंड बॅरी: या ग्रंथालयाचा संस्थापक, विद्यापीठाचा पहिला कुलपती आणि केलीला फाशी सुनावणारा न्यायाधीशही हाच. निकाल ऐकल्यावर केली त्याला म्हणाला होता, मी जातोय तिथे आपली भेट होईल. फाशीनंतर बारा दिवसांनी बॅरी वारला. आणि केलीचं चिलखत आज बॅरीच्याच ग्रंथालयात आहे. नांगराच्या फाळांच्या पत्र्यातून ठोकलेलं, चाळीस किलोच्या वर वजनाचं. गोळ्यांचे पोचे जवळून दिसतात. पाय उघडे होते, पोलिसांनी नेम तिथेच धरला. कुठल्या मजल्यावर ठेवलंय ते मदतकक्षात विचारा. मग १९१३ च्या अष्टकोनी वाचनालयात वरच्या गॅलरीपर्यंत लिफ्टने जा आणि खाली वाकून पाहा: मधल्या उंच चौथऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारखी बाकं पसरलेली, हिरवे दिवे, आणि कुणीतरी उन्हात पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेलं. सगळं फुकट आणि स्वच्छतागृहही चांगलं. बाहेर आल्यावर समोरच्या मेलबर्न सेंट्रल मॉलमध्ये काचेच्या शंकूखाली उभा असलेला विटांचा मनोरा पाहून घ्या. वरून वितळलेलं शिसं सोडायचे, पडता पडता त्याचे गोल छरे व्हायचे.

इथे थांबा. आणखी एक ठिकाण कोंबू नका.

दुसरा दिवस: बाजारापासून जकात घरापर्यंत

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट २० मार्च १८७८ ला अधिकृतपणे सुरू झालं. सकाळी लवकर जा. मासळी-मटणाच्या जुन्या दालनात विक्रेते ओरडून भाव सांगतात, तो आवाज ऐकून आईला एकदम मंडई आठवली. शाकाहारी लोकांसाठी पालक-चीजचा गरम बोरेक आहे, आणि १९५० पासून उभ्या असलेल्या गाडीवरचे जॅम भरलेले डोनट. रांग मोठी असते, पण लावा. एक गोष्ट पाहुण्यांना खाणं झाल्यावर सांगा: मार्केटच्या एका भागाखाली शहराची पहिली अधिकृत दफनभूमी आहे आणि सुमारे नऊ हजार लोक अजून तिथेच आहेत.

तिथून बर्क स्ट्रीटवर रॉयल आर्केड, १८७० चं. दक्षिण टोकाला गॉग आणि मॅगॉग हे दोन राक्षस तासाला घंटा वाजवतात, तेव्हा पूर्ण तासाच्या दोन मिनिटं आधी पोचा. पुढे ब्लॉक आर्केडची रंगीत तुकड्यांची फरशी. खरेदी महाग आहे, खाली बघत चाला.

मग फ्लिंडर्स स्ट्रीटवरचं १८७६ चं कस्टम हाउस, आताचं इमिग्रेशन म्युझियम. आपल्यासाठी या शहरातली सगळ्यात महत्त्वाची इमारत हीच असं मला वाटतं, आणि मराठी पाहुणे हीच गाळतात. शुक्रवारी घुमटाखाली ज्या संसदेचं उद्घाटन झालेलं ऐकलं, तिने त्याच १९०१ साली गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा कायदा केला. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. होती फक्त पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा, कोणत्याही युरोपीय भाषेत. कोणती, ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी येतंय म्हटलं की दुसरी काढायची. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा फॅसिस्टविरोधी लेखक आला. मेलबर्नला उतरू देईनात म्हणून त्याने बोटीवरून धक्क्यावर उडी मारून पाय मोडून घेतला. त्याला अनेक भाषा येत, तेव्हा सिडनीत त्याची परीक्षा घेतली स्कॉटिश गेलिकमध्ये! ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली. जकातीचा मोठा हॉल, लाँग रूम, अजून तसाच आहे. बाबा तिथल्या बाकावर बराच वेळ बसले. मग म्हणाले, "तुझ्या व्हिसाला किती महिने लागले होते रे?"

बाहेर पडून रस्ता ओलांडला की यारा नदीकाठी एंटरप्राइझ पार्क. ऑगस्ट १८३५ मध्ये याच नावाच्या जहाजातून पहिले वसाहतकर इथे उतरले. त्याआधी जूनमध्ये जॉन बॅटमनने इथल्या मूळच्या कुलिन लोकांशी 'करार' केला होता. घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या आणि पीठ देऊन सुमारे सहा लाख एकर. गव्हर्नरने तो रद्द ठरवला, पण जमीन कुलिनांना परत द्यायला नव्हे. ती ब्रिटिश राजाचीच आहे म्हणून. नदीचं मूळ नाव बिररंग, आणि या भूमीचे वुरुंजेरी लोक आजही शहरात आहेत.

संध्याकाळी सेंट किल्डा रोडच्या ट्रामने श्राइन ऑफ रिमेंबरन्स. कार्ड टेकवा. श्राइन पाचला बंद होतं, म्हणून चारच्या आत पोचा. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं हे स्मारक १९३४ चं. आत मधोमध एक शिळा जमिनीच्या पातळीखाली बसवली आहे, म्हणजे वाचायला मान खाली घालावीच लागते. ११ नोव्हेंबरला सकाळी अकराला छतातल्या छिद्रातून येणारा किरण शिळेवरच्या 'लव्ह' या शब्दावरून सरकतो. पुढे घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत आली आणि सूर्याशी गणित चुकलं, म्हणून आता आरशांनी किरण वळवतात. इतर दिवशी दिव्याने तो देखावा दाखवतात. सज्ज्यावरून शहराकडे जाणारा सरळ रस्ता बघून मगच उतरा.

क्रिकेटचं मैदान

एमसीजीला अर्धा दिवस वेगळा ठेवा. सामना नसलेल्या दिवशी मैदान आतून दाखवतात, सव्वा तासाची फेरी असते. वाटेत फिट्झरॉय गार्डन्समध्ये कॅप्टन कुकच्या आई-वडिलांचं घर लागतं: यॉर्कशायरमधून विकत घेऊन, विटा-दगड सुटे करून २५३ पेट्यांत भरून आणलं आणि १९३४ मध्ये इथे जोडलं. बाहेरून बघा. कुक स्वतः तिथे राहिला का, याचाच पत्ता नाही.

मैदानाची गोष्ट आपल्या लोकांना सांगायची गरजच नसते. मार्च १८७७ ची जगातली पहिली कसोटी इथलीच. पण बाबांना १९८१ हवं असतं: लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर चेतन चौहानांना घेऊन मैदान सोडायला निघालेले गावसकर, आणि मग कपिलने ऑस्ट्रेलियाला ८३ वर गुंडाळलेलं. आणि १० मार्च १९८५: पाकिस्तानला हरवल्यावर रवी शास्त्रीच्या ऑडीवर लटकून साऱ्या संघाने मारलेली मैदानाची फेरी. ती गाडी नेमकी कुठून फिरली, हे बाबांनी वाटाड्याला हातवारे करून दाखवलं. मुलीला २०२० ठाऊक होतं: अ‍ॅडलेडला ३६ वर बाद झाल्यावर पुढच्याच कसोटीत कर्णधार अजिंक्य रहाणेचं शतक. त्याला तेव्हा मिळालेलं मुल्लाघ पदक हे जॉनी मुल्लाघच्या नावाचं, १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या आदिवासी संघातला हा मोठा खेळाडू. बाहेरच्या यारा पार्कमध्ये जुनी निलगिरीची झाडं शोधा. होडीसाठी साल काढल्याचे व्रण त्यांच्या खोडांवर आहेत.

एक दिवस बॅलरॅट

सोनं निघालं ती जागा पाहायचीच. सदर्न क्रॉसहून रेल्वेने साधारण दीड तास. गावाबाहेरच्या गाड्यांनाही शहरातल्या दिवसभराच्या तिकिटाएवढीच कमाल मर्यादा आहे, त्यामुळे गाडीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त. खाण परवान्याच्या जाचाविरुद्ध खाणकामगारांनी युरेका इथे लाकडी कोट उभारला आणि ३ डिसेंबर १८५४ ला सैनिकांनी तो पहाटे काही मिनिटांत मोडला. त्यांचा फाटका निळा झेंडा युरेका सेंटरमध्ये आहे.

सॉव्हरिन हिल हे जुन्या खाणगावासारखं उभारलेलं उघडं संग्रहालय. तिकीट महाग, पण पूर्ण दिवस जातो. ओढ्याकाठी पसरट थाळी मिळते: खडी-माती घ्यायची, पाण्यात बुडवून गोल हलवायची, वरचं हलकं वाहू द्यायचं. मी, बायको आणि पोरगी अर्धा तास चिखल ढवळत होतो. आईने थाळी हातात घेतली, दोनदा हलवली आणि म्हणाली, "अरे, हे तर तांदूळ रोळणं." पाचव्या मिनिटाला तिच्या थाळीच्या कडेला मोहरीच्या दाण्याहून बारीक तीन पिवळे कण होते. सापडलेलं सोनं घरी नेता येतं. ती कुपी आता सातारला देवघरात आहे.